ठोक्यांच्या मधला आवाज

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

बुलढाणा जिल्ह्याचे आम्ही लोक दोन भाग करतो. ते सरकारी नकाशावर सापडणार नाहीत, पण एसटीच्या प्रत्येक प्रवाशाला ठाऊक असतात. घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे घाटावर. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखाली. १८६० च्या दशकात आगगाडी आली ती घाटाखालून गेली. जिल्ह्याचे ठाणे मात्र घाटावर राहिले. त्यामुळे खालच्या गावात रात्री-बेरात्री एखाद्याला दम लागला, की जीप राजूर घाट चढून वर येणार, हे ठरलेले. मी या जिल्ह्यात डॉक्टर म्हणून आलो १९८० च्या दशकात. आज ज्या आवाजाबद्दल बोलायचे आहे, तो मी बहुतेक वेळा अशा घाट चढून आलेल्या माणसांच्या छातीत ऐकला.

निरोगी हृदयाचा आवाज लब-डब, लब-डब असा असतो. हा आवाज हृदयाच्या झडपा मिटण्याचा. दोन ठोक्यांच्या मध्ये शांतता असते. त्या शांततेत फुसकार किंवा दूर कुठे गाडी गडगडावी तसा आवाज ऐकू आला, तर त्याला आम्ही मर्मर म्हणतो. आपल्याकडे ते समजावून सांगायला हापसा फार उपयोगी पडतो. हापशाचे वायसर झिजले की वर आलेले पाणी पुन्हा खाली जाते, आणि दांडा कितीही मारला तरी हंडा भरत नाही. ही झाली गळकी झडप. उलट झडप आकसून तिचे तोंड लहान झाले, तर मागचे रक्त मागेच तुंबते. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये मायट्रल नावाची झडप असते. तिचे तोंड निरोगी माणसात चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. ते दीडच्या खाली आले, की रक्त फुप्फुसात तुंबायला लागते आणि माणूस बसल्या जागी बुडतो.

हा आवाज ऐकण्याची नळी काढली रने लॅनेक या फ्रेंच डॉक्टरने, १८१६ मध्ये. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात एक लठ्ठ तरुणी तपासायची होती. तिच्या छातीला कान लावणे सभ्यपणाचे नव्हते. त्याने कागदाची गुंडाळी केली आणि तिच्यातून ऐकले. पुढे त्याची लाकडी नळी झाली. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातही असते. पुस्तकात नसते ती पुढची गोष्ट. लॅनेकने फुप्फुसाचे आवाज अचूक ओळखले, पण हृदयातल्या फुसकाऱ्याचे कारण त्याला नीट सापडले नाही. तो स्नायूच्या आकडीमुळे होतो असे त्याला वाटे. हे कोडे सुटायला लंडनचा जेम्स होप यावा लागला. १८३० च्या दशकात त्याने गाढवांवर प्रयोग करून कोणता आवाज कोणत्या झडपेचा, ते बरेचसे लावून दाखवले. नळी सापडणे वेगळे आणि आवाजाचा अर्थ लागणे वेगळे. या दोहोंमध्ये वीस वर्षे गेली.

मुंबईला ही विद्या लवकर पोचली. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. त्याचे पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड एडिंबरोला शिकलेले आणि पॅरिसला लुई या नामांकित वैद्याच्या हाताखाली तयार झालेले. रुग्णाच्या खाटेशी बसून, ऐकून, ठोकून, लिहून ठेवून शिकवायची पॅरिसची रीत त्यांनी जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात आणली. त्या टिपणांवरून त्यांनी हिंदुस्थानातल्या रोगांवर दोन खंडांचे पुस्तक १८५६ मध्ये छापले. कॉलेजातून १८५१ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात आपले भाऊ दाजी लाड होते. इकडे वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले आणि हळूहळू सरकारी दवाखाने निघाले. पण त्या दवाखान्यांपुढे पटकी, देवी, हिवताप, आणि पुढे प्लेग. दहा ठोके शांतपणे ऐकायला कोणाला सवड होती?

सवड नव्हती हे एक, आणि ऐकायचे काही कारण नाही असे पुस्तके सांगत होती हे दुसरे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उष्ण प्रदेशांतल्या रोगांवर लिहिणाऱ्या बड्या इंग्रज वैद्यांचे मत असे होते, की झडपा बिघडवणारा संधिवाताचा ताप हा थंड, दमट देशांचा रोग. हिंदुस्थानात तो जवळपास नाहीच. मला या मताचा राग येतो. जो रोग पुस्तकात नाही तो डॉक्टरच्या कानालाही ऐकू येत नाही, आणि मग तो नाही हे पुन्हा सिद्ध होते. मद्रासमध्ये डॉ. कुटुंबय्या, मुंबईत डॉ. रुस्तम जाल वकील अशा मंडळींनी आपल्या वॉर्डांतले रोगी मोजायला घेतले, तेव्हा हे मत डळमळले. (हे वकील म्हणजे सर्पगंधा रक्तदाबावर चालते, हे १९४९ मध्ये जगापुढे मांडणारे.) आणि १९६३ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. सुजय रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅन्सेट या साप्ताहिकात लेख लिहून दाखवले, की युरोपात जी झडप तिशी-चाळिशीत आकसते, ती इथे विशीच्या आतच आकसलेली सापडते. रोग नव्हता असे नाही. तो इथे लवकर येत होता.

रोगाची सुरुवात अगदी क्षुल्लक. मुलाचा घसा दुखतो, ताप येतो. स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू. चार दिवसांत घसा बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी मोठे सांधे सुजतात, आज गुडघा तर परवा मनगट. तेही ओसरते. पण जंतूशी लढायला शरीराने जे सैन्य उभे केले, ते चुकून स्वतःच्याच झडपांवर उलटलेले असते. दर नव्या घसादुखीबरोबर झडप आणखी जाड होते, तिच्या कडा चिकटतात. एका खोलीत आठ माणसे झोपतात तिथे हा जंतू सुखाने फिरतो. युरोप-अमेरिकेत हा रोग पेनिसिलिन येण्याच्या आधीपासूनच ओसरू लागला होता, कारण घरे सुधारली होती. आपल्याकडे औषध आले, घरे मात्र मागे राहिली.

औषध म्हणजे लांबणारे पेनिसिलिन. १९५० च्या दशकापासून ते मिळते. एकदा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी कमरेत एक इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षे, बहुतेकदा एकविशीपर्यंत किंवा त्याहून पुढे. इंजेक्शन दुखते, मूल रडते, आणि मूल दिसायला ठणठणीत असते. मग आई म्हणते, "आता तं चांगलं हाय लेकरू, काहून टोचता?" दुसरीकडे कितीतरी दवाखान्यांत पेनिसिलिनची रिअॅक्शन येईल या धास्तीने ते कोणी द्यायलाच धजत नाही. धास्ती अगदी खोटी नाही, पण तशी रिअॅक्शन फार विरळा, आणि तयारी ठेवून दिले तर ती हाताळता येते. झडप गेल्यावर जे हाताळावे लागते ते कितीतरी अवघड.

ते काय असते, ते सांगतो. तपशील मी थोडे बदलले आहेत. घाटाखालच्या एका गावातली विशीतली बाई, सहावा महिना. दोन वर्षांपासून दमा म्हणून उपचार चालू. थुंकीतून एकदा रक्त पडले तेव्हा क्षयाच्या गोळ्याही देऊन झालेल्या. त्या रात्री जीपमधून उतरवली ती बसलेलीच, आडवी होऊच शकत नव्हती. ओठ निळसर, तोंडाला गुलाबी फेस, नाडी दीडशेच्या आसपास. सासू म्हणाली, "साहेब, दम्याचं इंजेक्शन देल्लं तवापासून जास्तच झालं." सासूचे निरीक्षण बरोबर होते. थिओफिलिनच्या जातीची दम्याची इंजेक्शने नाडीची गती वाढवतात. आकसलेल्या झडपेतून रक्त पुढे जायला वेळ लागतो. नाडी जितकी जलद, तितका तो वेळ कमी, आणि तितके रक्त मागे फुप्फुसात. त्यात गरोदरपणात रक्ताचे प्रमाण जवळजवळ दीडपट झालेले.

आम्ही तिला पाय खाली सोडून ताठ बसवले, ऑक्सिजन लावला, लघवी करवणारे इंजेक्शन शिरेतून दिले, चालू असलेले सलाइन बंद केले. सलाइनची बाटली ही आपल्याकडे दिलाशाची खूण आहे. ती काढली की नातेवाईक घाबरतात. पण अशा वेळी ती बाटली म्हणजे बुडत्याच्या तोंडात ओतलेले पाणी. तासाभराने लघवी झाली, श्वास जरा उतरला. मग नाडी सावकाश करणारे औषध अगदी बेताने. तेव्हा कुठे तिला डाव्या कुशीवर थोडे वळवून, नळीची घंटेसारखी बाजू हलकेच टेकवून ऐकता आले. पहिला ठोका थाडकन वाजणारा, दुसऱ्याच्या मागोमाग एक टचकन आवाज, आणि मग ती दूरची गडगड. दमा नव्हता. क्षय नव्हता. झडप होती. महिनाभरात मोठ्या शहरात तिची झडप मोकळी करण्यात आली आणि मूल दिवस भरून जन्मले.

माझ्या आधीच्या पिढीच्या डॉक्टरांकडे लघवी करवणारे हे औषधही नव्हते. ते आले १९६० च्या दशकात. त्याआधी पाऱ्याची इंजेक्शने होती आणि ती सावकाश काम करीत. आमचे एक गुरुजी सांगत, की फुप्फुसात पाणी झालेल्या रोग्याच्या चारपैकी तीन हातापायांना पट्टे आवळायचे आणि दर पंधरा मिनिटांनी एकेक पट्टा सोडून पुढच्या अवयवाला बांधायचा, म्हणजे रक्त हातापायांत अडकून हृदयावरचा भार कमी होतो. नाहीतर सरळ शीर उघडून पावशेर रक्त काढायचे. ऐकायला हे रानटी वाटते, पण त्यामागचा विचार आणि आमच्या इंजेक्शनामागचा विचार एकच होता.

बाळंतपण हा दुसरा धोक्याचा क्षण. मूल बाहेर आले, गर्भाशय आकसले, की त्यातले रक्त एकदम हृदयाकडे परतते. रक्तस्राव थांबवायला अर्गोमेट्रिनचे इंजेक्शन देण्याची पद्धत होती. निरोगी बाईला ते चालते. आकसलेल्या झडपेच्या बाईला त्याने मिनिटांत फुप्फुसात पाणी होऊ शकते. म्हणून बाळंतिणीच्या छातीला नळी लावणे हे प्रसूतीपूर्वीचे काम आहे, नंतरचे नाही.

झडप हाताने मोकळी करण्याची कल्पना जुनी. १९०२ मध्ये लंडनच्या सर लॉडर ब्रंटन यांनी ती नुसती मांडली तरी टीका झाली. १९२३ मध्ये बोस्टनला एलियट कटलर यांनी एका बारा वर्षांच्या मुलीवर ती करून पाहिली. १९२५ मध्ये लंडनला हेन्री सौटर यांनी एका तरुण मुलीच्या धडधडत्या हृदयात बोट घालून झडप चाचपली, रुंद केली, आणि मुलगी वाचली. यानंतर सौटर यांच्याकडे रांग लागायला हवी होती. एकही रोगी आला नाही. त्या काळच्या वैद्यांचे मत असे, की दोष झडपेत नसून हृदयाच्या स्नायूत आहे, तेव्हा झडपेला हात लावण्यात अर्थ नाही. शहाण्यांच्या या एकमताने तेवीस वर्षे खाल्ली. १९४८ च्या जूनमध्ये फिलाडेल्फियाला चार्ल्स बेली आणि आठवड्याच्या आत बोस्टनला ड्वाइट हार्केन यांनी ती शस्त्रक्रिया यशस्वी केली. तिथून मात्र ती झपाट्याने पसरली. १९५० च्या दशकात मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांचे सहकारी ती करू लागले. सेन यांचे नाव लोकांना आठवते ते १९६८ च्या फेब्रुवारीत त्यांनी केलेल्या देशातल्या पहिल्या हृदयरोपणामुळे. तो रोगी काही तासच जगला. माझ्या मते बोटाने झडप मोकळी करण्याचे त्या वॉर्डांतले रोजचे काम त्याहून मोठे. ना हृदय बंद करावे लागे, ना महागडे यंत्र लागे. आपल्यासारख्या देशासाठीच जणू ती केलेली होती. पुढे जपानच्या कांजी इनोउए यांनी १९८० च्या दशकात जांघेतल्या शिरेतून फुगा नेऊन हेच काम केले आणि छाती उघडण्याचीही गरज उरली नाही.

प्रत्येक मर्मर म्हणजे झडपेचा रोग, असे मात्र समजू नका. आपल्या भागात अंगात रक्त कमी असलेल्या बायका आणि मुले इतकी, की पातळ रक्त जोराने वाहण्याचा साधा फुसकारा पुष्कळांच्या छातीत ऐकू येतो. तापातही येतो. तो मऊ असतो, ठोका पडतानाच येतो, आणि रक्त भरले की जातो. ठोका संपल्यावरच्या शांततेत येणारा आवाज मात्र कधीच निरुपद्रवी मानू नये, असे आम्हाला शिकवले गेले. मी तेच पुढे शिकवले.

तातडीच्या वेळी याहून फसवा प्रकार म्हणजे आवाज नसणे. हृदयविकाराचा झटका येऊन दोन-चार दिवस झाले, रोगी सावरत होता, आणि एकाएकी धाप. झडपेला धरून ठेवणारा स्नायू तुटलेला असतो. गळती इतकी मोठी, की दोन्ही कप्प्यांतला दाब सारखा होतो आणि फुसकारा ऐकूच येत नाही. इथे कान नाही, संशय कामाला येतो. दुसरा प्रकार म्हाताऱ्या माणसांचा. महाधमनीच्या तोंडाची झडप कॅल्शियम साठून दगडासारखी होते; चालताना चक्कर येऊन पडतात. अशा माणसाला छातीत दुखते म्हणून जिभेखाली गोळी दिली, तर रक्तदाब कोसळू शकतो. आणि ताप उतरत नसलेल्या रोग्याच्या छातीत नवा मर्मर सापडला, तर झडपेवर जंतूंनी घर केल्याची शंका घ्यावी, आणि प्रतिजैविक सुरू करण्याआधी तपासणीला रक्त काढावे. आधी औषध आणि मग रक्त, असे झाले की जंतू सापडत नाही आणि डॉक्टर महिनाभर अंधारात चाचपडतो.

आता सोनोग्राफीसारखे इको यंत्र आहे. तेही या झडपेनेच जन्माला घातले म्हणा ना. स्वीडनमधल्या लुंड गावी १९५३ मध्ये इंगे एडलर यांना मायट्रल झडप किती आकसली ते बाहेरून पाहायचे होते. त्यांनी आणि हेल्मुट हर्ट्झ या पदार्थवैज्ञानिकाने जहाज बांधणीच्या कारखान्यातले, धातूतल्या भेगा शोधणारे यंत्र उसने आणले. आज तरुण डॉक्टर मला म्हणतात, "सर, इको असताना नळी कशाला?" मी म्हणतो, इको कोणाचा काढायचा ते कोण ठरवणार? रात्री दोन वाजता ग्रामीण रुग्णालयात दम्याच्या आठ रोग्यांमध्ये नववी बाई झडपेची आहे, हे यंत्राला कोणीतरी सांगावे लागते.

बाकी पुष्कळ बदलले. सरकारी खर्चाने हृदयाच्या शस्त्रक्रियेची जीवनदायी योजना १९९७ ची. तिचे मोठे रूप २०१२ मध्ये अमरावतीसह आठ जिल्ह्यांत आले. बुलढाण्याला त्यासाठी २०१३ च्या नोव्हेंबरपर्यंत थांबावे लागले. २०१३ मध्येच पालघरहून देशभरासाठी मुलांच्या तपासणीचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात अंगणवाडी आणि शाळांतल्या मुलांच्या छातीला नळी लागते आणि संधिवाताचा हृदयरोगही शोधला जातो. २०१४ पासून १०८ ची गाडी घाट चढते, तिच्यात ऑक्सिजन असतो. २०२४ मध्ये बुलढाण्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने या तापाविरुद्ध ठराव केला, तेव्हा त्यातले वर्णन वाचताना मला आमचाच वॉर्ड डोळ्यांपुढे येत होता.

शेवटी कृत्रिम झडपेविषयी. ती परदेशातून यायची तेव्हा शेतकऱ्याच्या आवाक्यात नव्हती. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या चमूने देशी झडप तयार केली. आधीचे तीन नमुने फसले, चौथा जमला आणि ६ डिसेंबर १९९० रोजी तो पहिल्यांदा माणसात बसवला गेला. धातूची झडप रात्रीच्या शांततेत घड्याळासारखी वाजते, शेजारी झोपलेल्यालाही ऐकू येते. तिच्यावर रक्ताची गाठ धरू नये म्हणून वॉरफरिनची गोळी जन्मभर. नव्या, तपासणीची कटकट नसलेल्या गोळ्या इथे चालत नाहीत. झडप आकसून हृदयाची लय बिघडलेल्या रोग्यांतही जुने वॉरफरिनच सरस ठरल्याचे २०२२ च्या मोठ्या चाचणीत दिसले.

आमच्याकडे असा एक शेतकरी होता. सोयाबीनच्या काढणीत गोळ्या संपल्या, पंधरा दिवस आणल्या नाहीत. त्याला फारसा त्रासही जाणवत नव्हता. बायको घेऊन आली. म्हणाली, "चार दिवसांपासून यायची टिकटिक ऐकू येत नाही." मी नळी लावली, जिथे खणखणीत टिचकी असायची तिथे दबका, ओला आवाज. झडपेवर गाठ धरली होती. अशा वेळी शस्त्रक्रिया, नाहीतर गाठ विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज. शस्त्रक्रियेची सोय जवळ नव्हती, रोगी सगळी जोखीम ऐकून तयार होता, म्हणून दुसरा मार्ग धरला. हे औषध १९३३ मध्ये विल्यम टिलेट यांनी शोधले, ते स्ट्रेप्टोकोकस जंतूतून. म्हणजे लहानपणी ज्या जातकुळीच्या जंतूमुळे त्याची झडप गेली, तीच जातकुळी आता बाटलीतून त्याच्या शिरेत थेंब थेंब जात होती. दुसऱ्या दिवशी दुपारी टिकटिक परत सुरू झाली. त्यानंतर तो दर महिन्याला रक्त तपासायला अकोल्याला जाऊ लागला. आता ती तपासणी तालुक्याच्या गावात होते, आणि गोळ्यांचा हिशेब बायको ठेवते.